सकाळी चार, दुपारी आठ

रामवाडी, पेण
मंगळवार, ३ डिसेंबर १९९६

प्रिय डेबोरा,

शालोम. तुझे पोस्टकार्ड काल मिळाले. पाच वर्षांनी आलेला मजकूर तू टंकयंत्रावर लिहिलास, त्यामुळे तुझे हस्ताक्षर पाहण्याचा योग आला नाही. परंतु संपूर्ण कार्डात एकही खाडाखोड नाही, यावरून ते तुझेच हे तुझ्या वहिनीने सही पाहण्याआधीच ओळखले.

तुझे म्हणणे नीट समजले की नाही हे पडताळण्यासाठी ते पुन्हा लिहून काढतो. रोह्याजवळ वरसे येथील तुझ्या टंकलेखन वर्गासाठी तू एका कंपनीच्या लिलावातून जुना ४८६ संगणक घेतलास. त्यात चार मेगाबाईट मेमरी होती. विंडोज ९५ तेवढ्यात रखडत चालते, म्हणून तू मुंबईहून आणखी चार मेगाबाईटची पट्टी मागवून बसवलीस. तेव्हापासून यंत्राचा भरवसा राहिलेला नाही. एक जानेवारीला तुझी संगणकाची पहिली बॅच आहे. ती सुरू झाली नाही, तर वर्ग बंद करून तू लेकीकडे, तामारकडे, इस्रायलमध्ये अश्दोदला कायमची जाणार आहेस आणि त्यासाठी अर्जही भरून ठेवला आहेस. शेवटी लिहितेस: "काय करू ते लिही. फोन नको, येऊ नको, भाषण नको."

भाषणाचा रोख कळला. तुझ्या वर्गाच्या वर्धापनदिनी, प्रमुख पाहुण्याच्या खुर्चीवरून, तुझ्याच विद्यार्थ्यांसमोर मी "ही यंत्रे दहा वर्षांत भंगारात जातील" असे म्हणालो आणि त्या संध्याकाळपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. या पत्रव्यवहारात मी त्या विषयाला स्पर्श करणार नाही. (केवळ नोंद म्हणून: मी दहा वर्षे म्हणालो होतो. त्यांपैकी पाच अजून शिल्लक आहेत.)

आता मेमरी. निवृत्तीनंतर शाळेतल्या संगणकाची देखभाल माझ्याकडे आली आहे, आणि भौतिकशास्त्र शिकवताना जो आनंद मिळायचा तोच मला त्या पेटीचे झाकण उघडताना मिळतो. तुझ्या संगणकातली हार्ड डिस्क म्हणजे कपाट. मेमरी म्हणजे टेबल. कपाट कितीही मोठे असले तरी काम टेबलावरच करावे लागते. टेबल लहान असेल तर माणूस निम्मा वेळ कपाटाकडे फेऱ्या मारतो. परंतु हे टेबल एका बाबतीत विलक्षण आहे. इथे पेणला गणपतीच्या कारखान्यात शाडूच्या गोळ्यावर ओले फडके टाकून ठेवतात आणि ते सुकण्याआधी पुन्हा भिजवतात, नाहीतर माती भेगाळते. मेमरीतला प्रत्येक अंक असाच सतत सुकत असतो, आणि यंत्र एका सेकंदात कित्येकदा सगळ्या अंकांवरून ओले फडके फिरवत असते. वीज गेली की फडके थांबते. याहून सुंदर गोष्ट माणसाने फार थोड्या वेळा बनवली असेल.

तू मात्र "भरवसा नाही" एवढेच लिहिलेस. हे लक्षण नव्हे, ही तक्रार झाली. यंत्र सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर आकडे वर चढत जातात, ती मेमरीची मोजणी. ती कुठे थांबते? ४०९६ ला, म्हणजे चार मेगाबाईटला, की ८१९२ ला, म्हणजे आठला? शिट्टीसारखा आवाज येतो का? नेहमी तसेच होते की कधीतरी? आणि नव्या पट्टीवरच्या काळ्या चौकोनांवर छापलेल्या क्रमांकाच्या अखेरीस ६ आहे की ७? तो तिच्या वेगाचा आकडा असतो. जुनीपेक्षा ती संथ असेल तर दोघींचे जमत नाही.

उत्तर येईपर्यंत काहीही बदलू नकोस. मुख्य म्हणजे तो अर्जही जिथे आहे तिथेच असू दे.

तुझा,
एलियाह


रामवाडी, पेण
सोमवार, ९ डिसेंबर १९९६

प्रिय डेबोरा,

उत्तर मिळाले. "दादा, तुझं पत्र गोदूबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'बाय, तुमचा भाव मास्तर हाय का कीर्तनकार?'" हे वाक्य तू विनाकारण लिहिलेस, तरी मी ते दोनदा वाचले. रोज तुझा वर्ग झाडणाऱ्या बाईला माझा नमस्कार सांग. यंत्राला नजर लागली म्हणून तिने मीठमिरची ओवाळली, यालाही माझी हरकत नाही. फक्त मीठ यंत्राच्या जाळीपासून लांब असावे. खाडीचा वारा त्याला जेवढे मीठ पुरवतो तेवढे पुरेसे आहे.

तुझी माहिती उत्तम आहे. दोन्ही पट्ट्यांच्या अखेरीस ७ आहे, म्हणजे वेगाचा प्रश्न निकाली निघाला. मोजणी कधी ४०९६ ला थांबते, कधी ८१९२ पर्यंत जाते. म्हणजे नवी पट्टी कधी दिसते, कधी दिसत नाही. जी पट्टी मेली आहे ती कधीच दिसत नाही, तेव्हा ही जिवंत आहे. कुठेतरी संपर्क तुटतो आहे, इतकेच.

आता शोध. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर कोणती कारणीभूत हे कधीच कळत नाही. माणूस मग आयुष्यभर दोन्ही करत बसतो.

पेटी उघडण्याआधी वीज बंद कर आणि प्लग काढ. नायलॉनची साडी नको, सुती नेस, आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला बोट टेकव. अंगावर साठलेली वीज आपल्याला जाणवतही नाही, पण त्या काळ्या चौकोनांच्या आत तिचा वणवा होतो. पट्टीच्या एका टोकाला कोपरा कापलेला असतो. तो खाचेतल्या उंचवट्यापाशी आला पाहिजे. ती सरळ दाबून बसवायची नाही. तिरकी घालायची, आणि आरामखुर्चीत रेललेल्या माणसाला उठवून बसवावे तशी हळूच उभी करायची; दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् असा आवाज आला की बसली.

प्रथम फक्त जुनी पट्टी ठेवून पाहा. मग फक्त नवी. मग नवी दुसऱ्या खाचेत. दोष पट्टीबरोबर फिरतो की खाचेपाशी थांबतो, एवढेच पाहायचे आहे. प्रत्येक वेळी यंत्र सकाळी सुरू केलेस की दुपारी, तेही लिही. ते का हवे हे मला अजून ठाऊक नाही, परंतु जे टिपून ठेवायला काही खर्च पडत नाही ते टिपावे.

तामारचे काय? तिच्या पत्रात तिकडच्या थंडीचा उल्लेख असतो का? तुला दमा आहे, म्हणून विचारतो.

तुझा,
एलियाह


रामवाडी, पेण
सोमवार, १६ डिसेंबर १९९६

प्रिय डेबोरा,

तुझा अहवाल वाचून मी खुर्चीवरून उठलो. वहिनी म्हणाली, "कोण वारलं?" मी म्हणालो, "कोणी नाही, डेबोराची नवी पट्टी सकाळी आंधळी असते आणि दुपारी तिला दिसतं." ती म्हणाली, "मग तिला चष्मा लावा, आणि तुम्ही बसा."

जुनी पट्टी एकटी: सदैव ठीक. नवी पट्टी एकटी: सकाळी पडदा काळा आणि तीन शिट्ट्या, दुपारी सुरळीत. दुसऱ्या खाचेतही तेच. दोष पट्टीबरोबर फिरतो आहे. शिवाय त्याला घड्याळ कळते! बारा वर्षे मी मुलांना सांगत आलो की निर्जीव वस्तू वेळ पाळत नाहीत, त्या परिस्थिती पाळतात. सकाळ आणि दुपार यांत वेगळे काय? वरसे आहे नदीच्या काठी; डिसेंबरात सकाळी कुंडलिकेवरून धुके येते. दुपारी तुझ्या पत्र्याखाली चांगलेच तापते. तेव्हा उष्णता, हा आपला पहिला संशयित.

पण उष्णता नेमके काय करते, हे मला सांगता येत नाही. धातू तापला की किंचित वाढतो, सैल संपर्क घट्ट होऊ शकतो. मात्र तसे असते तर जुन्या पट्टीलाही थोडा तरी त्रास झाला असता. काहीतरी फक्त नव्या पट्टीच्याच वाट्याला येते आहे. म्हणून माझे दोन प्रश्न आहेत. संध्याकाळी वर्ग बंद केल्यापासून सकाळी उघडेपर्यंत नव्या पट्टीचे काय होते? आणि मुंबईहून ती आल्यापासून खाचेत बसेपर्यंत तिच्याशी कोणी काय काय केले? क्षुल्लक वाटेल तेही लिही.

तू विचारलेस, "एक तारखेला चालेल की नाही, व्हय किंवा नाय, तेवढंच सांग. एजंट कागद मागतोय." डेबोरा, मी होय म्हणू शकत नाही, कारण मला कारण सापडलेले नाही, आणि नाही म्हणणार नाही, कारण ते सापडण्याजोगे आहे. एजंटला सांग की प्रयोग चालू आहे.

वाटल्यास मी एसटीने... परंतु तू येऊ नको म्हणाली आहेस. हे वाक्य खोडत नाही, कारण खाडाखोड तुला चालत नाही.

तुझा,
एलियाह


रामवाडी, पेण
रविवार, २२ डिसेंबर १९९६

प्रिय डेबोरा,

हे पत्र मी शुक्रवारी सूर्यास्तापासून डोक्यात लिहीत बसलो आहे. शनिवार संपेपर्यंत लेखणीला हात लावता आला नाही. असा लांबलचक शब्बाथ मी आयुष्यात पाळलेला नाही.

शुक्रवारी दुपारी तुझे उत्तर आले. "नवी पट्टी रोज संध्याकाळी काढून कपाटात कुलुपात ठेवते. सकाळी परत बसवते. एवढी महागाची वस्तू रात्री पेटीत कशी सोडू? वर्गाला खिडकी हाय, चोर हायत."  त्या खाचेचे चिमटे महिन्यातून एकदा उघडण्यासाठीही बनवलेले नाहीत, आणि तू त्यांच्याकडून रोज सकाळ-संध्याकाळ दारवानाचे काम करून घेतेस! मला वाटले, कारण सापडले. परंतु चिमटे झिजले असते तर दुपारीही झिजलेलेच राहिले असते. मी पत्र हातात घेऊन ओटीवर उभा होतो. तेवढ्यात वहिनी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवायला आली, संध्याकाळच्या दिव्यासाठी. आतल्या खोलीच्या गारव्यात तेल अजून पांढरेशुभ्र थिजलेलेच होते. ती म्हणाली, "तुम्ही उन्हात उभेच आहात तर हिच्यावर लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवले. अर्ध्या तासात तेल वितळले आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला.

डेबोरा, तू त्या पट्टीला तेलाचे बोट लावलेस का?

आपले आजोबा अष्टमी गावात तेलाचा घाणा चालवायचे. घरात नवी धातूची वस्तू आली की आई तिला वापरण्याआधी खोबरेलाचे बोट फिरवायची. विळी असो, कुलूप असो, कात्री असो, "आधी आपलं तेल, मग तिचं काम." माझी पहिली सायकल आली तेव्हा तिने अतिशय मायेने पुढच्या चाकाच्या धावेवरून बोट फिरवले होते, आणि अष्टमीच्या उतारावर ब्रेक लागेना म्हणून मी थेट भाताच्या खाचरात गेलो. तू काठावर उभी राहून हसत होतीस. जगातला कोणताही संगणकतज्ज्ञ हा प्रश्न तुला विचारणार नाही. मी विचारतो.

तसे असेल तर सगळे जुळते. पट्टीच्या खालच्या कडेला धातूचे बारीक दात असतात. खाचेतल्या स्प्रिंगा त्यांना टेकतात तेव्हाच वीज वाहते. दुपारी तेल पातळ असते. स्प्रिंग ते बाजूला सारून दाताला भिडते. थंडीच्या सकाळी तेच तेल मेणासारखे घट्ट होते, आणि तू रोज नेमकी सकाळीच पट्टी बसवतेस. स्प्रिंग मेणावर टेकून राहते. जुन्या पट्टीला तेल लागलेले नाही, तेव्हा तिला सकाळ-दुपार सारखीच.

उपाय: औषधांच्या दुकानातून स्पिरिट आण. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडावर ते घेऊन दातांवरून दोन्ही बाजूंनी हलकेच पूस. वाळल्यावर पांढऱ्या मऊ खोडरबराने दात घास. शाईचा खरखरीत खोडरबर मुळीच वापरू नकोस, तो धातूचा मुलामा खरवडतो. रबराचे कण फुंकून टाकू नकोस, फुंकरीत ओल असते. कोरड्या ब्रशने झटक. खाचेतही तेल उतरलेच असणार. अक्षरांचे ठसे साफ करायचा तुझा ब्रश असतो ना, तसा एक कोरा करकरीत ब्रश घे, स्पिरिटमध्ये बुडवून झटकून घे आणि खाचेतून फिरव. तासभर वाळू दे. मग पट्टी बसव आणि त्यानंतर ती काढू नकोस. चोराची भीती वाटत असेल तर पेटीला साखळी घाल. साखळीला खुशाल तेल लाव.

यानंतर जी पहिली थंड सकाळ येईल, तिच्यावर सगळे अवलंबून आहे.

तुझा,
एलियाह


रामवाडी, पेण
शुक्रवार, २७ डिसेंबर १९९६

प्रिय डेबोरा,

काल शेजाऱ्यांकडे तुझा फोन आला तेव्हा मी इतका गोंधळलो की एकही धड प्रश्न विचारला नाही. म्हणून ते संभाषण मला आठवते तसे लिहून काढतो. काही चुकले असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालीस, "दादा, साडेसात वाजलेत, थंडी मरणाची हाय, आणि आठ!"

मी म्हणालो, "आठ वाजले की साडेसात?"

"मेमरी आठ! एक्क्याऐंशीशे ब्याण्णव! गोदूबाईला दाखवलं. ती म्हणते, माझ्या मीठमिरचीनं झालं."

"म्हणजे तेल लावलं होतंस?"

"लावलं होतं. आईनं सांगितलेलं. टंकयंत्रं आली तेव्हा त्यांच्या पत्र्यालाही लावलं होतं. तू एकटाच तिचा मुलगा हायस काय?"

 तू पुढे म्हणालीस, "तुझी तीन पानं वाचता वाचताच निम्मं तेल वितळलं असणार. उरलेलं स्पिरिटनं काढलं."

मग मी विचारले, एक तारखेला किती विद्यार्थी आहेत, आणि तू म्हणालीस, "येऊन मोज." फोन ठेवण्याआधी तू आणखी काही म्हणालीस ते ट्रकच्या आवाजात ऐकू आले नाही. मला "खुर्ची मागे" एवढे दोन शब्द समजले. म्हणजे प्रमुख पाहुणा म्हणून नव्हे, असा अर्थ मी घेतो, आणि तो मला मान्य आहे.

एक तारखेला नागोठण्यावरून येणाऱ्या सकाळच्या एसटीने मी आणि वहिनी येत आहोत.

तुझा,
एलियाह


रामवाडी, पेण
सोमवार, २० जानेवारी १९९७

प्रिय डेबोरा,

घरी सुखरूप पोहोचलो. काल निघताना घाई झाली, आणि काही गोष्टी समोरासमोर बोलण्यापेक्षा मला कागदावर नीट मांडता येतात, हे तू जाणतेसच.

पहिली गोष्ट एक तारखेची. सगळ्यांत पुढे बसलेल्या सरूने, त्या मिठागरवाल्यांच्या मुलीने, उभे राहून विचारले, "बाई, लाईट गेली तर मेमरीतलं सगळं जातं. मग आपण केलेलं काम कुठं जातं?" माझे ओठ उघडले होते. शाडूचा गोळा, ओले फडके, सगळे तयार होते. तेवढ्यात तू म्हणालीस, "आपल्याकडं पावसात लाईट जातेच. म्हणून चार ओळी झाल्या की सेव्ह करायचं. न विचारता करायचं, जेवताना घास चावतो तसं." सरू लगेच बसली. तिला समजले होते. मला तेच सांगायला पाव तास लागला असता, आणि त्यातली दहा मिनिटे शाडूवर गेली असती. चहाच्या वेळी तू वहिनीला हळूच विचारलेस, "हा इतका वेळ गप्प बसला, याला बरं नाय का?" मी ऐकले. मला उत्तम होते.

दुसरी गोष्ट रोह्याच्या स्टँडवरची. तू म्हणालीस, "तामारला कळवलंय. मी येत नाय. सुट्टीत तूच ये म्हटलं, तुला कंप्युटर शिकवते. रागावली. म्हणाली, आई, इथं शाळेतल्या पोरांनाही येतो." तू हे सांगताना हसत होतीस, परंतु एसटी लागली तेव्हा तू बराच वेळ दुसरीकडे पाहत होतीस. मुलगी इतक्या लांब असणे ही गोष्ट कोणत्याही पट्टीने मोजता येत नाही, आणि त्याबद्दल समजावून सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. फक्त तू थांबलीस याचा आनंद इथे दोन माणसांना झाला आहे. वहिनीने शेजारच्यांना सांगितले. मी शाळेत सांगितले.

आता तुझ्या हुकुमाविषयी. विद्यार्थ्यांची नावे मी दोन बोटांनी टाईप करत होतो तेव्हा तू मागे येऊन उभी राहिलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "कोंबडी दाणे टिपते तसं काय करतोस? रविवारी येऊन बस. मधल्या ओळीपासून." मुले हसली. मीही हसलो, आणि कालपर्यंत तीन रविवार येऊन बसलो. टंकयंत्रावरच, कारण तुझे म्हणणे असे की संगणकाची कळ बोटाचे लाड करते आणि खरा हात लोखंडावरच तयार होतो. या विधानाची भौतिक बाजू मी तपासली. ते बरोबर आहे.

हे पत्र हाताने लिहिले आहे, कारण दहाही बोटांनी एवढे लिहायला मला अजून वर्ष लागेल. घरी मी पुठ्ठ्यावर कळांचे चित्र काढून सराव करतो. काल तू म्हणालीस की माझ्या उजव्या करंगळीला अजिबात जोर नाही आणि मी कळांकडे पाहतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या रविवारी डोळ्यांवर रुमाल बांधून बसेन. वेळेच्या थोडे आधी येतो, म्हणजे सरूच्या शेजारची जागा मिळेल. ती चुका लपवून ठेवत नाही, लगेच सांगते.

तुझा विद्यार्थी,
एलियाह